सीतेची वेणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



फायलींत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला कार्यकारिणीने आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, जोपासनेवर बोलावयास सांगितले, याचे आम्हांस नवल वाटते. बी. ए.ला आमचा विषय इतिहास होता. एक झाड मारून दुसरे जगविले, एवढाच आमचा अधिकार.

बदली होऊन आम्ही गुवाहाटीस आलो, त्या वर्षी आमच्या मातोश्रीही राजापूरकडचे घर बंद करून सोबत आल्या. भाषा परकी, शेजार परका; दिवसदिवस त्या खिडकीपाशी बसून असत. बोहाग बिहूला शेजारची मुलगी केसांत कपौ फूल माळून नमस्काराला आली, तेव्हा मात्र त्या ताडकन उठल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "अगो, ही तर सीतेची वेणी!" ते खरेच होते. आसामचे राज्यपुष्प असलेले कपौ आणि कोकणात झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ही एकच वनस्पती; शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा.

त्याच आठवड्यात आम्ही रोप आणले. कुंडीत शेणखत घातलेली उत्तम माती भरली. मातोश्री तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर पाणी घालू लागल्या. दोन महिन्यांत मुळे काळी पडून कुजली. मातोश्री दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कुंडी पालथी करून आम्हांला दोष दाखविला. ही आमरी मातीत वाढतच नाही. झाडावर राहते, पण ती बांडगूळ नव्हे; झाडाकडून तिला आधारापलीकडे काही नको असते. तिची मुळे हवेत मोकळी असतात आणि त्यांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी शोषले की हिरवट दिसते, वाळले की पुन्हा पांढरे होते. नवशिक्याने एवढे एक ओळखले तरी पुरे: मूळ पांढरे झाल्याखेरीज तांब्या उचलू नये. मातीत ते गुदमरते.

दुसरे रोप आम्ही भोके पाडलेल्या मातीच्या कुंडीत, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे घालून लावले व पूर्वेच्या व्हरांड्यात टांगले. पाणी सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात, थंडीत बेताने. पाने गर्द हिरवी दिसली तर उजेड कमी, पिवळट पडली तर ऊन जास्त. खत वाढीच्या दिवसांत, पाकिटावरील मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने. आम्ही याची नोंदवही ठेवली. सवय जात नाही.

झाड मेल्याची लाज मात्र कोणी बाळगू नये. 1850 मध्ये खासी टेकड्यांत हूकरसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने निळ्या वांडाची सात माणसांचे ओझे होईल एवढी झाडे लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली. आज त्या निळ्या वांडाला कायद्याचे संरक्षण आहे. जंगलातून ओरबाडून रस्त्यावर विकावयास आणलेली कोणतीही आमरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, रोपवाटिकेतलीच घ्यावी.

तिसऱ्या चैत्रात आमच्या झाडाला तुरा आला. पण मातोश्री आदल्या दिवाळीनंतर राजापूरला परतल्या होत्या. दूरध्वनीवर कळविले, तर म्हणाल्या, "आमची अजून नाही हो फुलली." तिकडे ती पावसाच्या तोंडाशी फुलते. तेव्हापासून दरवर्षी आधी इकडची बातमी तिकडे जाते, मग तिकडची इकडे येते.

पुढील मार्चमध्ये आम्ही निवृत्त होऊन गावी जाऊ. कुंडी आगगाडीतून नेण्याचा धीर होत नाही. मंडळाच्या आवारातील आंब्याच्या खोडावर, पूर्वेच्या अंगाला, पावसाळ्याआधी काथ्याने ती बांधावी. मुळे सालीला घट्ट धरीपर्यंत काथ्या टिकतो, पुढे कुजून गळतो. कार्यकारिणीने तेवढी परवानगी द्यावी, असा आमचा रीतसर अर्ज आहे. पाणी घालण्यास कोणी तयार असल्यास त्यांनी रविवारी सकाळी नवाच्या आत आमच्याकडे यावे.