चुकलेले उत्तर आणि शिक्षक
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शिक्षण बालकेंद्रित असावे, कृती व शोध यांच्या द्वारे व्हावे आणि मूल भयमुक्त असावे, असे त्याच्या कलम २९ मध्ये सांगितले आहे. यावरून ‘आता शिक्षकाने बाजूला व्हावे, मूल आपले आपण शिकेल’ असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. शिक्षकाचे बोलणे कमी होईल. काम मात्र वाढेल.

हा विचार नवा नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावयाचे, हाच त्यातील बोध. गणिताच्या तासालाही तो लागू आहे.

तिसरीतील एक मूल ५२ मधून १७ वजा करून ४५ लिहिते. फुली मारणे सोपे आहे. परंतु ‘कसे केलेस, बाळ?’ असे विचारावे. ते सांगेल की, सातातून दोन व पाचातून एक वजा केला. त्याला वजाबाकी येते. दशक सुटा करणे तेवढे समजलेले नाही. त्यास दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या द्या आणि सतरा काड्या मागा. दोन काड्यांतून सात देता येत नाहीत, असे दिसले म्हणजे ते एक गठ्ठा सोडील. पस्तीस उरतील.

दुसरे मूल ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिते. आपल्या भाषेत या संख्येतील दोन आधी ऐकू येतात व पन्नास मागून. मूल ऐकल्याप्रमाणे लिहिते. त्याच्यासाठी ५० च्या कार्डातील शून्यावर २ चे कार्ड ठेवून दाखवावे. दोघांच्या वहीत फुली एकच. अडचणी मात्र दोन, आणि उपायही दोन.

द्विशिक्षकी शाळेत इतका वेळ कोठून आणावा, ही आपली शंका रास्त आहे. प्राथमिक वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एकास तीस मुले, असे कायद्याचे प्रमाण आहे. इतर मुले गटात काम करीत असता रोज पाचच मुलांजवळ बसावे. सहा दिवसांत तीसही मुले पाहून होतात. प्रत्येकाच्या नावापुढे, ते कोठे अडले, हे एका ओळीत टिपावे.

आम्हां अधिकाऱ्यांनीही शाळाभेटीत ‘किती धडे झाले?’ एवढेच न विचारता ही टिपणवही आधी मागावी. तसे झाले नाही, तर शिक्षक धडे संपविण्यामागे लागेल आणि अडलेले मूल न समजताच चौथीत जाईल. पुढील परिषदेस प्रत्येकाने अशी एक वही सोबत आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.