आधी थुंकी तपासा, मग शेळी विका
(पाड्यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण)



दाव्यांच्या कागदांआधी आज आम्ही खोकल्याचं बोलणार. हसू नका. जमीन सावकार नेतो, तसा खोकलापण नेतो. घरात एक माणूस खोकत राहतो. बाजारातल्या डॉक्टरकडे सुई, सलाईन, बाटली. शेळी जाते, बैल जातो. वनहक्काचा पट्टा कायद्याने विकता येत नाही, तरी तोंडी गहाण पडतोच. आणि एवढ्यात थुंकी कुणी तपासलेलीच नसते!

प्रत्येक खोकला टीबी नसतो. चुलीचा धूर, बिडी, वीटभट्टीची धूळ, दमा, यानंही खोकला येतो. नुसतं बघून कळत नाही, म्हणूनच तपासायचं. दोन आठवडी बाजार उलटले तरी खोकला हटत नाही, संध्याकाळी ताप येतो, अंग उतरतं, बेडक्यात रक्त दिसतं, तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्यायची. पैसा लागत नाही. छातीच्या फोटोत डाग दिसतो, पण तो टीबीचाच आहे हे नुसत्या फोटोवरून पक्कं होत नाही. थुंकीत जंतूच सापडतो.

थुंकी कशी द्यायची? तोंडातली लाळ नको, छातीतला बेडका पाहिजे. पाण्यानं चूळ भरा. उघड्यावर, माणसांपासून लांब उभे राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, जोरात खाकरा, डबीत टाका, झाकण घट्ट लावा. दोन नमुने द्यायचे, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्याचा. डबी आशाताईकडे मागा. निकाल काय आला ते विचाराच.

जंतू दिसला नाही आणि खोकला चालूच आहे, तर गप्प घरी बसू नका. फोटो काढा म्हणा, मशीनवरची तपासणी मागा. लहान पोरांना बेडका काढता येत नाही, त्यांना डॉक्टरला दाखवा.

टीबी निघाला तर साधारण सहा महिने गोळ्या. त्यापण फुकट. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं, मग माणूस गोळ्या सोडून भट्टीवर जातो. तिथंच घात होतो. जंतू गोळ्यांना दाद देईनासा होतो. कामाला बाहेरगावी जायचं असेल तर आधी दवाखान्यात सांगा, तिकडे गोळ्यांची सोय करायला लावा.

अजून एक. भगताकडे जायचं त्यानं जावं, पण डबी आधी द्यावी. करणी केली म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवू नका. सुनेला टीबी निघाला म्हणून माहेरी धाडू नका. गोळ्या नेमाने चालू राहिल्या की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती बहुतेक करून जाते.

दवाखान्यात तपासणारा माणूस नाही, डब्या नाहीत, असं सांगितलं तर एकट्यानं परत फिरू नका. ग्रामसभेत ठराव घ्या, सगळे मिळून जाऊ. जमीन कसायला छाती धड पाहिजे. ती तपासून घेणं हा पण आपला हक्कच आहे.

जिंदाबाद!