विजेची वाट



मराठवाड्यात वीज मृगाची वाट पाहत नाही; वैशाखातल्या वळवाबरोबर ती येते. त्या दिवसांत माणसे रानात असतात, गुरे झाडाखाली बांधलेली असतात आणि जमीन कोरडी ठणठणीत असते. या कोरड्या जमिनीकडेच करमाडकरांचे लक्ष आम्हांस आज वेधावयाचे आहे.

पायाळू माणसावर वीज पडते, असा आपल्याकडे समज आहे. पण वीज कोणाचा जन्म पाहत नाही. ती जवळचे उंच टोक धरते. मग ते झाड असो, कळस असो की उघड्या रानात उभा असलेला माणूस असो. हे ओळखूनच बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तडितरक्षक सुचविला. घरावर टोकदार सळई, तिच्यापासून खाली सरळ उतरणारी तांब्याची पट्टी आणि जमिनीत पुरलेले अर्थिंग, एवढाच त्याचा पसारा.

लोक सळईची उंची पाहतात. अर्थिंग कोणी पाहत नाही. खरी मेख तेथेच आहे. विजेचा प्रवाह सुमारे ३०,००० अँपिअर धरा. अर्थिंगचा रोध १० ओहम असला, तरी पट्टीवर क्षणभर ३ लाख व्होल्टचा दाब चढतो. मग वीज पट्टी सोडून जवळच्या नळावर किंवा तारेवर उडी घेते. आपल्याकडील मुरूम आणि खडक उन्हाळ्यात प्रवाहास सहज वाट देत नाहीत. म्हणून एका खड्ड्यावर न विसंबता घराभोवती अनेक इलेक्ट्रोड पुरून ते एकमेकांस जोडावेत. नळ आणि घरातील अर्थिंगही जाणत्या कारागिराकडून त्यांस जोडून घ्यावे. वळवापूर्वी रोध मोजून घ्यावा.

वादळ येण्यापूर्वीच दूरदर्शन संच आणि मोटारीचे स्टार्टर यांची जोडणी काढून ठेवावी.

पण घरावरील सळई रानातल्या माणसास वाचवीत नाही. झाडावर पडलेली वीज मुळांपाशी जमिनीत पसरते. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे, म्हणून दाबातील फरकही मोठा. तीच गुरे दगावतात. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आता आगाऊ सूचना देते. तिचा उपयोग करावा.

वीज लागलेल्या माणसात वीज साठून राहत नाही. त्यास शिवण्यास भिऊ नये. श्वास थांबला असेल, तर छाती दाबण्यास तत्काळ आरंभ करावा आणि दवाखान्याची गाडी बोलवावी.

देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. पेरणीचा अर्धा तास मागाहून भरून काढता येतो; गेलेला माणूस परत आणता येत नाही.