गुडघ्यावर बसून शिकवलेला खेळ



मघाशी सॉफ्टबॉलची ढाल घेताना चौघी मुलींनी हात हलवून आपल्या क्रीडाशिक्षकांना व्यासपीठावर बोलावलं. सरांनी तिकडून मानेनंच ‘नको’ म्हटलं. लिहून आणलेलं भाषण मी तेव्हाच बाजूला ठेवलं. आज अशाच एका प्रशिक्षकाबद्दल, रॉन वॉशिंग्टन यांच्याबद्दल बोलतो.

माझं आयुष्य सॉफ्टबॉल शिकवण्यात गेलं. बेसबॉल हा त्याचा थोरला भाऊ. वॉशिंग्टन त्यातले, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे. 1970 मध्ये, अठराव्या वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्सनं त्यांना करारबद्ध केलं. पण मोठ्या लीगमध्ये पाय ठेवायला 1977 उजाडलं, तेही दुसऱ्याच संघाकडून. थोडे सामने मिळाले आणि पुन्हा खालच्या लीगमध्ये रवानगी. 1981 मध्ये मिनेसोटा ट्विन्सनं घेतलं तेव्हा ते 29 वर्षांचे होते. सगळी कारकीर्द मिळून 564 सामने. तिथं एका हंगामातच 162 सामने असतात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

त्यांची जागा बहुतेक शॉर्टस्टॉपची, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. जमिनीलगतचा सणसणीत फटका तिथं अंगावर येतो. पुढे 1996 पासून ओकलंड संघात ते असा चेंडू अडवायलाच शिकवू लागले. खेळाडूला गुडघ्यावर बसवायचं, हातात तळहाताएवढा चपटा ग्लोव्ह द्यायचा आणि चार पावलांवरून चेंडू टाकायचा, असा की टप्पा अगदी ग्लोव्हपुढेच पडावा. पाय हलवायची सोय नाही. नजर आणि हात, बस्स! रोज, सामन्याच्या दिवशीसुद्धा. नावाजलेल्या खेळाडूंनाही यातून सुट्टी नाही. मला हे फार मोठं वाटतं.

ओकलंडमध्ये त्यांच्याकडे आलेला स्कॉट हॅटेबर्ग कॅचर होता, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. कोपराच्या दुखापतीनं त्याचं ते काम संपलं. वॉशिंग्टननी त्याला पहिल्या बेसवर उभं राहायला शिकवलं, अगदी अ-आ-इ-ईपासून. 4 सप्टेंबर 2002 रोजी त्याच हॅटेबर्गच्या होमरननं ओकलंडनं सलग विसावा सामना जिंकला.

नंतर वॉशिंग्टन टेक्सास रेंजर्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाले. 2011 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, सहाव्या सामन्यात विजेतेपद दोनदा फक्त एका स्ट्राइकच्या अंतरावर येऊन निसटलं. मी तो सामना जागून पाहिलाय. आजही आठवला की घशात काहीतरी अडकतं. पण हा माणूस थांबला नाही. पुन्हा साधा प्रशिक्षक झाला, पुन्हा पोरांना गुडघ्यावर बसवलं, आणि 2021 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकली.

ओकलंडच्या दिवसांतला त्यांचा शिष्य एरिक चावेझ उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार सलग सहा वर्षं मिळवत होता. त्यातला एक त्यानं वॉशिंग्टनना देऊन टाकला. तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं, असं त्यावर लिहून.

सर, आता मात्र वर या. मुलींनो, ती ढाल आणा बरं इकडे. सरांच्या हातात द्या.