न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस



आपल्या जिल्ह्यातले अपील पूर्वी नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जाई. 1936 साली तेथे हायकोर्ट झाले आणि त्याच वर्षी व्हिव्हियन बोस न्यायासनावर आले. सर बिपिन कृष्ण बोसांचे हे नातू. घराणे बंगाली, पण वकिली सारी नागपूरची. तेथील लॉ कॉलेजचे ते प्राचार्यही होते.

बेचाळीसच्या धामधुमीत भारत संरक्षण नियमांखाली माणसे बिनचौकशी तुरुंगात गेली. सरकारची खात्री झाली की कोर्टाने पुढे विचारू नये, हा सरकारपक्षाचा आग्रह. प्रभाकर केशव तारे यांच्या प्रकरणात बोसांनी तो मानला नाही. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि राज्य इंग्रजांचे होते, हे ध्यानात घ्यावे.

1951 साली ते सुप्रीम कोर्टात गेले. आता सरकार आपले होते. मद्रासच्या कृष्णन खटल्यात बहुमताने स्थानबद्धतेचा कायदा उचलून धरला, तेव्हा बोसांनी विरुद्ध निकाल लिहिला. मला तर हा निकाल पहिल्याहून अवघड वाटतो. परक्याला नकार देणाऱ्याला लोक हार घालतात. स्वकीयांना दिला की तेच लोक तोंड फिरवतात.

1956 साली ते निवृत्त झाले. पण दोन वर्षांनी मुंदडा प्रकरणाच्या चौकशीसाठी सरकारला त्यांचीच आठवण झाली!