शत्रूवाचून आलेले मरण

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दरवर्षी ४ डिसेंबर हा दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. १९७१ साली आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर घातलेल्या घाल्याची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री शत्रूच्या पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. तिच्यावरील १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या नौकेबरोबर जलसमाधी घेतली. दीवच्या किनाऱ्यावर त्या सर्वांचे स्मारक उभे आहे आणि तेथे आपले मस्तक आपोआप लवते.

आज मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांच्यावर मात्र कोणत्याही शत्रूने गोळी झाडली नव्हती. कोणी गोदीत नांगरलेल्या नौकेवर स्फोटात गेले, कोणी बंद कप्प्यात धुराने गुदमरले, कोणी आपल्याच ताफ्यातील नौकेच्या धडकेने बुडाले, तर कोणी साध्या लिंबाच्या रसावाचून झिजून मेले. गणवेश तोच, शपथ तीच, समुद्रही तोच. पण यांच्यासाठी पोवाडे रचले जात नाहीत. वृत्तपत्रात दोन दिवस मथळे येतात आणि तिसऱ्या दिवशी विषय संपतो. तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत काढलेल्या माणसाने हे सांगावे, यात थोडा संकोच आहे. पण ते खरे आहे.

लढाईपेक्षा मोठा वैरी

समुद्रावर ज्याची सत्ता, जगावर त्याची सत्ता, असे ज्या काळाविषयी म्हटले जाते, त्या काळातील ब्रिटिश नौदलाचा हिशेब पाहा. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात त्या नौदलात सुमारे १ लाख ८५ हजार माणसे भरती झाली. प्रत्यक्ष लढाईत मेली ती १,५१२. रोगाने मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून आकडा होता १ लाख ३३ हजारांहून अधिक! पुढे नेपोलियनच्या काळातील युद्धांतही तेच. त्या वर्षांतील मृत्यूंपैकी शत्रूच्या हातून आलेले मृत्यू शंभरात सहाच्या आसपास. नौका फुटून, बुडून वा जळून आलेले त्याच्या दुप्पट. आणि उरलेले सारे रोगराई व किरकोळ अपघात यांचे बळी.

१७४० मध्ये कमोडोर अ‍ॅन्सन सुमारे १९०० माणसे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्यांपैकी सुमारे १४०० परत आली नाहीत. शत्रूने मारलेली हाताच्या बोटांवर मोजता यावीत इतकी होती. बाकी बहुतेकांना स्कर्व्हीने आणि तापाने गिळले. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' नौकेवर बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाल्याचे पाहिले. १७५३ मध्ये त्याने ते ग्रंथरूपाने मांडले. तरी नौदलाने सर्व नौकांवर लिंबाचा रस देण्याचा निर्णय घेतला तो १७९५ मध्ये. उपाय पुस्तकात होता आणि माणसे मरत होती. मध्ये बेचाळीस वर्षे गेली.

समुद्राच्या क्रोधापुढे माणूस दुबळा आहे, हे आपल्या कोकणातल्या तांडेलाला कोणी शिकवावे लागत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटायची नाही, हा दंडक अनुभवातून आला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी करण्याची ताकीदही तेथे आहे. शौर्य असलेल्या राज्यकर्त्यालाच सावधगिरीची किंमत कळते, याचा हा दाखला होय.

आज्ञा आणि विवेक

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो. कारण तो शिस्तीत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम ऐकावा असा आहे.

२२ जून १८९३. भूमध्य समुद्रातील ब्रिटिश ताफा लेबनॉनच्या त्रिपोली बंदराजवळ होता. सेनापती सर जॉर्ज ट्रायॉन हे अत्यंत बुद्धिमान आणि दरारा असलेले अ‍ॅडमिरल. ताफा दोन समांतर रांगांत चालला होता. दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने आत वळून उलट फिरावे, अशी आज्ञा त्यांनी द्यायचे ठरवले. रांगांमधील अंतर ठरले सहा केबल, म्हणजे सुमारे १२०० यार्ड. त्या अवजड युद्धनौकांना वळायला जेवढी जागा लागे, ती पाहता हे अंतर अपुरे होते. निदान आठ केबल तरी हवेत, असे त्यांच्या अधिकाऱ्यांनी सुचवले. ट्रायॉन यांनी ते मान्य केल्यासारखे केले; पण आज्ञा सुटली ती सहाचीच. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारणा केली. सहाच राहू द्या, असे उत्तर आले.

दुसऱ्या रांगेचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल मार्कहॅम यांना धोका दिसत होता. ते थबकले. तेव्हा कशाची वाट पाहता, अशा अर्थाचा संदेश सर्व ताफ्यादेखत त्यांना आला. मार्कहॅम यांनी आज्ञा पाळली. काही मिनिटांतच त्यांच्या 'कॅम्परडाऊन' नौकेचे पोलादी टोक सेनापतींच्या 'व्हिक्टोरिया'त घुसले. पंधरा मिनिटांच्या आत ती नौका उलटून बुडाली. स्वतः ट्रायॉन यांच्यासह ३५८ जण मरण पावले. हवा स्वच्छ होती, समुद्र शांत होता आणि शत्रू दूरवर कोठेही नव्हता.

त्या नौकांवर अनेक अनुभवी अधिकारी उभे होते. पुढे काय होणार, हे त्यांतील कित्येकांना दिसत होते. ज्याला दिसत होते त्याच्या जिभेवर दरारा बसला होता. लष्करी न्यायालयाने दोष ट्रायॉन यांच्यावर ठेवला, तो योग्यच होता; पण प्रश्न तेथे संपत नाही. शिस्त हा कोणत्याही संघटनेचा कणा असतो, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही. परंतु कणा ताठ असावा, तसेच कानही उघडे असावेत. वरिष्ठाला धोक्याची सूचना देणे हा शिस्तीचाच भाग आहे आणि ती सूचना ऐकून घेणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे.

दोन राष्ट्रे, दोन धडे

आपत्तीनंतर राष्ट्र काय करते, यावरून त्याची पारख होते. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी अटलांटिक महासागरात खोल बुडीची चाचणी घेत असताना नष्ट झाली. तिच्यावर १२९ माणसे होती आणि त्यांत १७ जण तर गणवेश नसलेले तंत्रज्ञ होते. चौकशीतून जे संभाव्य कारण पुढे आले, ते ऐकून वाईट वाटते. समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा एक सांधा निसटला असावा, त्यातून अणुभट्टी बंद पडली आणि पाणबुडी वर आणणारी संकुचित हवेची यंत्रणा बर्फ साचून तुंबली. अब्जावधींच्या शस्त्राचा घात झाला तो एका सांध्यापायी!

अमेरिकेने त्याच वर्षी 'सबसेफ' नावाची व्यवस्था सुरू केली. पाणबुडीचा जो भाग समुद्राचा दाब सोसतो, त्याचा प्रत्येक तुकडा कोणी घडवला, कोणी तपासला, याची लेखी नोंद हवी. नोंद नसेल तर पाणबुडी खोल पाण्यात उतरणार नाही. १९१५ ते १९६३ या काळात त्या देशाने युद्धाखेरीजच्या कारणांनी सोळा पाणबुड्या गमावल्या होत्या. त्यानंतर गेली ती एकच, १९६८ मधील 'स्कॉर्पियन'; आणि तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते.

आता याच्या उलट उदाहरण. १६ जून १९५५ रोजी इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात 'सायडन' पाणबुडीवर टॉर्पेडोचा स्फोट झाला. त्या टॉर्पेडोत इंधनासाठी तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड होते. तेरा जण गेले. मदतीसाठी आत धावलेला एक तरुण डॉक्टरही त्यांत होता. ब्रिटिशांनी ते इंधन सोडून दिले. रशियाने मात्र तशा टॉर्पेडोंचा वापर चालूच ठेवला. पंचेचाळीस वर्षांनी, १२ ऑगस्ट २००० रोजी, बॅरेंट्स समुद्रात 'कुर्स्क' पाणबुडीवर याच इंधनाच्या टॉर्पेडोचा स्फोट झाला आणि दोन मिनिटांनी त्याहून प्रचंड असा दुसरा. एकूण ११८ माणसे गेली. त्यांपैकी २३ जण मागच्या कप्प्यात काही काळ जिवंत होते. त्यांच्यातील एका अधिकाऱ्याने अंधारात लिहिलेली चिठ्ठी पुढे हाती लागली. परदेशी मदत स्वीकारण्यात मोलाचे दिवस गेले. शेवटी नॉर्वेच्या पाणबुड्यांनी सुटकेचे दार उघडले, तेव्हा आत पाणीच पाणी होते. दुसऱ्याच्या अपघातातून जो शिकत नाही, त्याला तोच धडा स्वतःच्या माणसांचे प्राण देऊन शिकावा लागतो.

आपल्या दारातली गोष्ट

हे सारे परदेशांतले झाले. पण मुंबईच्या नौदल गोदीची भिंत तर आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, मध्यरात्र उलटून गेल्यावर त्या भिंतीआड 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर स्फोट झाले आणि ती धक्क्याशीच बुडाली. तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक, असे अठरा जण गेले. पुढच्या वर्षी ती वर काढली गेली. पण पुन्हा सेवेत येऊ शकली नाही.

सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात चाचणीवर असलेल्या 'सिंधुरत्न' पाणबुडीत आग लागून धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्या धुराशी झुंजत मरण पावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडले. खुर्ची सोडणे दुर्मीळ झालेल्या काळात या त्यागाचे मोल मोठे आहे. नौदलाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीने खालच्या माणसांच्या मृत्यूचे उत्तरदायित्व आपले मानले, हे प्रत्येक सार्वजनिक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.

त्यानंतरही २०१६ मध्ये 'बेटवा' गोदीत कलंडून दोन, २०२२ मध्ये 'रणवीर'वरील स्फोटात तीन आणि २०२४ च्या जुलैमध्ये 'ब्रह्मपुत्रा'वरील आगीत एक, असे नौसैनिक गेले. तिन्ही घटना मुंबईच्याच. त्याच वर्षी १८ डिसेंबरला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात नौदलाचा कर्मचारी तर गेलाच, पण सहलीला निघालेल्या कुटुंबांतलीही माणसे गेली.

अशा वेळी आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग सगळे सैन्यदलच नालायक ठरवून मोकळा होतो. दुसरा वर्ग म्हणतो, सेनेविषयी प्रश्न विचारू नका, मनोबल खचेल. पहिल्या वर्गाविषयी येथे बोलण्याची गरज नाही. दुसरा वर्ग आपला आहे, म्हणून त्याच्याशी बोलतो. नौसैनिकाचे मनोबल प्रश्नांनी खचत नाही. ज्या पाणबुडीत उतरायचे तिची दुरुस्ती वेळेवर झाली की नाही, आदल्या रात्री दारूगोळा भरणाऱ्याला झोप मिळाली की नाही, आधीच्या अपघाताच्या अहवालातील शिफारशी अमलात आल्या की कपाटात गेल्या, या शंकांनी ते खचते. ज्याचा मुलगा त्या नौकेवर आहे, त्या बापाला हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. तो अधिकार बजावणे हे राष्ट्रकार्यच आहे.

चांगलेही घडते आहे, ते सांगितले पाहिजे. संकटात सापडलेल्या पाणबुडीतून माणसे सोडवणारी खास वाहने २०१८ नंतर आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर आली. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा भारताने विशाखापट्टणमहून असे वाहन तातडीने रवाना केले. त्या ५३ जणांना वाचवता आले नाही. पण शेजाऱ्याच्या हाकेला आपण धावलो, हे इंडोनेशियाच्या लक्षात राहील.

आपल्या नौदलाचे बोधवाक्य वरुणदेवाकडे विजय मागत नाही, कल्याण मागते. आपल्या पूर्वजांना समुद्राची ओळख किती खोल होती, हे त्यातून कळते. पण वरुणाने कल्याण करावे, असे वाटत असेल तर सांधा तपासणाऱ्याने तो नीट तपासला पाहिजे, सूचना देणाऱ्याने ती निर्भयपणे दिली पाहिजे आणि अधिकाऱ्याने ती ऐकली पाहिजे.

शेवटी एकच विनंती. येत्या नौदल दिनी आपल्या शाखेत, शाळेत वा सोसायटीत 'खुकरी'च्या वीरांना वंदन कराल, तेव्हा 'सिंधुरक्षक'च्या अठरा जणांचेही स्मरण करा. आपल्या गावात अशा घरातले कोणी राहत असेल, तर त्यांच्याकडे जाऊन या. त्यांचा मुलगा रणात पडला नाही, म्हणून त्याचे बलिदान उणे ठरत नाही. ड्युटीवर असताना तो गेला, एवढे पुरेसे आहे.