जाळ्याचे दुखणे



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर, दुष्काळावर विद्वानांची भाषणे होतात. त्यांच्या पंक्तीला तारा जोडणाऱ्या माणसाला बसविण्याचे धाडस चालकांनी केले. त्याबद्दल त्यांचे आभार मानावयाचे की त्यांची कीव करावयाची, हे तासाभराने आपणच ठरवावे.

कचेरीच्या खिडकीशी 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे वाक्य जे काम करीत असे, तेच आता हे करते. माझा अनुभव असा की बिचारा सर्व्हर पुष्कळदा दूर कोठे तरी सुखाने चालू असतो, आणि घोडे पेंड खात असते ते खिडकीपासून दहा हातांवर, टेबलाखाली. निवृत्तिवेतनासाठी दोन एस. ट्या बदलून आलेला म्हातारा मात्र परत जातो. आजचा विषय त्या दहा हातांचा आहे.

एका इमारतीतील यंत्रे एकमेकांस जोडणारे जे जाळे, त्यास लोकल एरिया नेटवर्क म्हणतात. आज जगभर रूढ असलेल्या तारेच्या जाळ्याची कल्पना १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्याने उभी केली. त्यांनी तिला 'ईथरनेट' हे नाव दिले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, ते ईथर कधी कोणास सापडले नाही. पण त्याचे नाव घेतलेली तार आज घरोघरी सापडते.

या तारेत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नाही. जोडीतील दोन्ही तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरून गोंगाट शिरला तर पिळामुळे तो दोहोंत सारखाच शिरतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचीत असल्याने गोंगाट वजा होतो. टेलिफोनवाल्या बेलने ही युक्ती १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती.

आता गंमत पाहा. तारेच्या टोकाला जो प्लास्टिकचा खुंट बसवितात, त्यात तिसरी व सहावी जागा एका जोडीची असते. मधल्या चौथ्या-पाचव्या जागा टेलिफोनच्या मानाच्या. हे ठाऊक नसलेला कारागीर रंगांच्या जोड्या ओळीने खोचतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दिसते सुबक. दोन्ही टोकांस तोच क्रम असल्यामुळे तपासणीच्या डबीवर आठही दिवे लागतात, बिल चुकते होते आणि कारागीर जातो. परंतु तिसरी एका जोडीतली व सहावी दुसऱ्या जोडीतली झाल्याने पिळाचा उपयोगच नाहीसा झालेला असतो. जाळे चालते, अडखळते, फाईल मोठी असली की कोसळते. आणि दोष मात्र यंत्राला लागतो. डबीने एवढेच सांगितले होते की तार तुटलेली नाही. तार नीट आहे असे ती कधी म्हणालीच नव्हती!

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात तांब्याची म्हणून खपते. तिचा विद्युतरोध अधिक आणि वाकविली की ती लवकर तुटते. चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर दुकानदारास परत द्यावी. शंभर मीटरची मर्यादाही पाळावी, आणि दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी काचतंतू टाकावा. वळवाच्या पहिल्या विजेनंतर किती यंत्रे दुरुस्तीला येतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

तार नीट असूनही जाळे मरू शकते. स्विच नावाची पेटी वाड्यातल्या वाड्यात निरोप पोचविते. राऊटर म्हणजे गावची वेस, बाहेर जाणारे सारे त्यातून जाते. परंतु एखाद्या यंत्राचा ठिकाणा कोणास ठाऊक नसला, तर 'अमुक क्रमांकाचा धनी कोण?' अशी दवंडी पिटावी लागते, आणि स्विच ती प्रत्येक दारावर पोचवितो. समजा, कोणी रिकामी दिसलेली तार उचलून दोन्ही टोके एकाच जाळ्यात खोचली. आता दवंडी एका वाटेने जाते, दुसरीने परत येते, पुन्हा जाते. ईथरनेटच्या निरोपावर 'इतक्या फेऱ्यांनंतर थांब' असे लिहिलेले नसते. काही क्षणांत दवंड्यांचा असा कल्लोळ होतो की खऱ्या निरोपास वाट उरत नाही. यावर रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये तोड काढली: स्विचांनी आपसांत एक मूळ निवडावे, फेरा होईल अशा वाटा झोपवून ठेवाव्या, व चालती वाट तुटली तरच त्या जागवाव्या. मात्र या व्यवस्थेचे ठरीव आकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सात स्विच धरून बांधलेले आहेत.

अमेरिकेत बॉस्टन येथे बेथ इस्रायल डीकॉनेस हे मोठे रुग्णालय आहे. दोन रुग्णालये १९९६ साली एकत्र येऊन ते झाले, आणि त्याचे जाळेही जुन्या वाड्याला पडव्या काढीत जावे तसे वाढत गेले. सातांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. पण चालत होते, म्हणून कोणी पाहिले नाही. १३ नोव्हेंबर २००२ रोजी एका संशोधकाच्या प्रचंड माहितीचा लोंढा जाळ्यात शिरला व ते कोसळले. ते सुधारे, पुन्हा पडे. रक्ततपासणीचे निकाल, औषधांच्या मागण्या, सारे त्यावर. शेवटी प्रमुखांनी ठरविले की अर्धमेले जाळे मेलेल्यापेक्षा घातक आहे. ते बाजूस ठेवून कागदावर काम करावे. सुमारे चार दिवस माणसे हातात चिठ्ठ्या घेऊन मजल्यांवरून धावत होती, आणि अनेक तरुण डॉक्टरांना कागदावर औषध लिहिण्याचा सरावच नव्हता. माहिती विभागाचे प्रमुख डॉ. जॉन हालम्का यांनी पुढे हा सारा प्रकार लपविला नाही, इतर रुग्णालयांना मोकळेपणाने सांगितला. त्या संशोधकावर खापर फोडणे सोपे होते. पण गवताची गंजी वर्षानुवर्षे रचलेली असताना ठिणगीला शिव्या देण्यात काय अर्थ!

आता शोधण्याची रीत. पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, माणसांना विचारावा: कालपासून काय बदलले? 'काहीच नाही' असे उत्तर मिळेल. मग चहा घ्यावा आणि पुन्हा विचारावे. 'फक्त रंगकाम झाले', 'फक्त कपाट सरकवले' असे हळूहळू बाहेर येते. नंतर खुंटाजवळचा दिवा पाहावा. तो नसेल तर दुखणे तारेचे. दिवा असेल तर यंत्राला मिळालेला क्रमांक पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर क्रमांक वाटणारा भेटलाच नाही, म्हणून यंत्राने आपले आपणच बारसे करून घेतले आहे असे समजावे. क्रमांक भलत्याच घराण्यातला असेल तर कोणी तरी घरून दुसरा राऊटर आणून जोडला आहे, आणि एका गावात दोन तलाठी उतारे देऊ लागले आहेत! क्रमांक बरोबर असेल तर वेशीला हाक मारावी, मग वेशीबाहेरच्या एखाद्या क्रमांकाला, आणि शेवटी नावाने. क्रमांकाने हाक पोचते व नावाने पोचत नाही, तर बिघाड नावांच्या वहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईने चार गोष्टी बदलणाऱ्याचे जाळे सुरू होते खरे, पण कशाने हे त्यालाही कळत नाही, आणि पुढल्या खेपेस तो तितकाच आंधळा असतो.

राऊटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलला नसेल तर तो आज रात्री बदलावा. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने अशा साठेक सर्वश्रुत शब्दांची यादी घेऊन जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले होते.

आणि तो नवा शब्द कोणाजवळ आहे? आपल्या अनेक संस्थांत याचे उत्तर 'तो एक मुलगा होता, पुण्याला गेला' असे असते. इमारतीचा नकाशा दप्तरी असतो, कोनशिलेवर नावे असतात; पण कोणती तार कोठून कोठे जाते याचा चतकोर कागद नसतो. माझ्या मते हा दोष मुलाचा नव्हे, कार्यकारी मंडळाचा आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक चिकटवावा, नकाशाची एक प्रत पेटीच्या दारावर व एक चिटणिसांकडे ठेवावी, आणि परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात तिजोरीत. खर्च शंभर रुपयांच्या आत.

खुंट, चिमटा आणि तारेचे तुकडे मी बरोबर आणले आहेत. ज्यांना तिसऱ्या व सहाव्या जागेचा प्रकार हातांनी करून पाहावयाचा असेल त्यांनी टेबलापाशी यावे. चष्मा असल्यास बरोबर आणावा.